याडीचे कान

गुडघ्यांनी जवाब दिला त्या वर्षी लेकीनं पुण्याहून मला बॅटरीची सायकल पाठवली. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. माझ्याकडे तीन गावं आणि बंजाऱ्यांचे दोन तांडे. इतकी वर्षं ती पायी, जीपनं, एसटीनं आणि कुणाकुणाच्या मोटारसायकलीवर मागं बसून फिरले. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि तांड्यावर तर जातच नाही. फाट्यावर उतरायचं आणि पुढं चढाचा रस्ता पायानं तुडवायचा. लसीचा डबा खांद्याला, रजिस्टरं पिशवीत. पन्नाशी उलटल्यावर तो चढ दर महिन्याला थोडा थोडा लांब होत गेला.

सायकल आली तेव्हा माझ्या नवऱ्यानं तिच्याबरोबरचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. ते हिंगोलीला एका शाळेत कारकून होते, आता निवृत्त आहेत. कागद दिसला की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, पासिंग नाही," ते म्हणाले. "म्हणजे सायकलच की ही. फक्त पाय मारायची तकलीफ नाही."

पाय मारले तरी चालायची, नाही मारले तरी चालायची. उजव्या मुठीजवळ अंगठ्यानं एक कळ दाबली की निघाली. चढावर मी नुसती बसून असायचे आणि रस्ता मागं जायचा. पहिल्या दिवशी मला खरंच रडू आलं. इतकी वर्षं आपण उगीच चाललो असं काहीतरी वाटलं.

लेकीनं हेल्मेटही पाठवलं होतं. दोन दिवस घातलं. अंबाड्यावर ते नीट बसेना, तांड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी ते खुंटीला लागलं ते लागलंच. लेकीचा फोन आला की मी म्हणायचे, "घालते गं."

आणि सायकलला आवाज नव्हता. मला तर तेच फार आवडलं होतं. तुरीच्या, कपाशीच्या मधून जाताना पाखरांचा आवाज यायचा, दूर कुठं विहिरीवरची मोटार चालू असली तर तो यायचा. डाव्या मुठीला हॉर्नचं एक पिवळं बटण होतं. ते दाबलं की खेळण्यातल्या बाहुलीसारखं चिरकायचं. पोरं त्याची नक्कल करायची. म्हणून मी तो फारसा वाजवत नसे.

आता याडीबद्दल सांगते. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि ही बाई जिची तिची याडीच होती. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, काटक, उंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एक लेक, सून, दोन नाती. दोन्ही नाती माझ्या हातावर झाल्या, धाकटीच्या वेळेला तर जीप वाटेतच बंद पडली आणि याडीनं ओढणी धरून आडोसा केला होता. तेव्हापासून तांड्यात गेले की पहिला चहा तिच्याकडं. ती मला "बाई" म्हणायची आणि अरेतुरे करायची. मला ते बरं वाटायचं. बाकी सगळे सिस्टर सिस्टर करतात, त्यात माणूस कुठं तरी हरवून जातो.

तुरी काढायचे दिवस होते. तांड्याच्या वरच्या गावात लसीकरण करून मी परत येत होते. दुपार कलली होती, पोटात काही नव्हतं. एका आईनं लेकराला टोचू दिलं नव्हतं, तिच्याशी तासभर डोकं लावलं होतं. "मागल्या टायमाला ताप आला, आता न्हाई," एवढं एकच ती म्हणत राहिली. शेवटी मीही आवाज चढवला होता, आणि त्याचा राग माझ्याच अंगात होता. वरच्या गावापासून तांड्यापर्यंत उतार आहे. उतारावर कळ दाबायचीही गरज नसते. सायकल आपोआप वेग घेते.

ती मला लांबूनच दिसली. डोक्यावर तुराट्यांचा मोठा भारा, पाठ माझ्याकडं. भाऱ्याखाली डोकं दिसत नव्हतं, पण चालीवरून मी ओळखलं, याडीच. रस्त्याच्या कडेला मुरूम टाकलेला, अनवाणी पायाला टोचतो, म्हणून ती डांबरावरून चालली होती, उजव्या बाजूनं. डावीकडून भरपूर जागा होती. मी तिथून निघून जाणार होते.

तांडा डावीकडं आहे. वळण आलं तशी ती वळली. डोक्यावर भारा असलेलं माणूस मान वळवून मागं बघू शकत नाही. ते कानानंच रस्ता बघतं. जीप येत असेल तर ऐकू येते, मोटारसायकल ऐकू येते, बैलगाडीसुद्धा ऐकू येते. याडीनं कान दिला असेल, रस्ता मोकळा आहे असं तिला कळलं असेल, आणि ती आडवी निघाली.

मी दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक सरकलं. पुढचं चाक आणि मूठ तिच्या कमरेत बसली. भारा माझ्यावर आला आणि मी कपाळावर पडले.

उठले तेव्हा डोळ्यात रक्त येत होतं आणि मनगट सुन्न झालं होतं. याडी उताणी पडली होती. तिचा उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. असा पाय मी आधी पाहिलेला आहे. खुब्याचं हाड. पाय असा दिसला की दुसरं काही नसतंच.

ती माझ्याकडं बघत होती. "बाई, तू व्हय?" ती म्हणाली. "कोठून आलीस तू?"

तांड्यातून माणसं धावत आली. पुढं तिचा लेक. त्यानं आईकडं पाहिलं, माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय झालं सिस्टर?"

मी म्हणाले, "मी हॉर्न वाजवला हो, याडीला ऐकूच गेला नाही."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. चटका बसला की हात मागं येतो तसं ते तोंडातून आलं. मी हॉर्न वाजवला नव्हता. बटणाकडं माझा अंगठा गेलाही नव्हता. याडी खाली पडल्या पडल्या ते ऐकत होती. वेदनेनं तिनं डोळे मिटून घेतले.

मग मी नर्स झाले. ते मला जमतं. तुराट्यांतल्या सरळ सरळ काढून पायाला लावल्या, दोन्ही पाय एकमेकांना जोडून ओढणीनं बांधले, पाय हलू दिला नाही. बाजेवर घालून तिला फाट्यापर्यंत आणलं आणि जीपमध्ये बाजेसकट चढवलं. सेनगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. प्रत्येक खड्ड्याला ती माझी बोटं आवळायची. माझं ते मनगट मुरगळलेलं होतं, पण मी हात बदलला नाही. तेवढीच काय ती शिक्षा मी त्या दिवशी घेतली.

सेनगावला माझ्या कपाळाला टाके पडले. याडीला नांदेडला न्यायचं ठरलं. गाडीची वाट बघत असताना पोलीस ठाण्याचे जमादार आले. पोटाचा घेर मोठा, बोलणं सावकाश. वही उघडून ते माझ्यासमोर बसले.

"गाडीचा नंबर?"

"नंबर नाही. बॅटरीची सायकल आहे."

"लायसन?"

"दुकानदार म्हणाला लागत नाही."

त्यांनी पेन कानामागं ठेवलं. "मंग याला लिहावं काय? सायकल म्हनावं तर बॅटरी हाय, गाडी म्हनावं तर पायडल हाय. हल्ली रोज एखादी अशी येऊन राहिली. बरं. भोंगा वाजवला व्हता?"

दुसऱ्यांदा तीच वेळ आली होती. या वेळी माझ्यापाशी विचार करायला वेळ होता. "वाजवला होता," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं. याडीचा लेक शेजारीच उभा होता. जमादारांनी त्याला विचारलं, "केस करायची का?"

"कशाची केस साहेब," तो म्हणाला. "सिस्टर आपल्या घरच्या हायेत. माझ्या दोनी पोरी यायच्याच हातावर झाल्या. भोंगा वाजवला, याडीला ऐकू गेला न्हाई. वय झालं तिचं."

त्याचे ते शब्द मला टाक्यांपेक्षा जास्त लागले. पण मी खाली मान घालून बसले. त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रात्री नवऱ्याला खरं सांगितलं. ते म्हणाले, "एकदा कागदावर आलं ना? आता बदलू नको. सरकारी नोकरी आहे तुझी. अडीच वर्षं राहिली."

"पण मी वाजवला नव्हता हो."

"वाजवला असता तरी तिनं ऐकला असता कशावरून?" ते म्हणाले. कारकुनाचा प्रश्न होता तो, आणि मी तो महिनाभर औषधासारखा घेत राहिले.

नांदेडला याडीच्या खुब्यात सळई घातली. तीन आठवड्यांनी तिला तांड्यावर आणलं. माझंही मनगट तोवर हलायला लागलं होतं. सायकल नवऱ्यानं दुरुस्त करून आणली होती, पण मी ती घरीच ठेवली. पुन्हा जीप, पुन्हा फाटा, पुन्हा तो चढ. मला वाटलं, हे बराबर आहे, आपण चालावं.

दर मंगळवारी मी याडीकडं जायला लागले. जखम बघायची, पायाचा व्यायाम करून घ्यायचा, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलायला सुनेला शिकवायचं. पहिल्याच मंगळवारी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि याडीच्या कानाशी वाकून ओरडली, "याडी! पानी!"

"काहून ओरडून राहिली?" याडी म्हणाली. "मी काय मेली हाय?"

सून माझ्याकडं बघून कसनुशी हसली. "ऐकू येत न्हाई ना त्यायला. अन् कबूल करत न्हाईत. तुमी भोंगा वाजवला तवापासून तर आमच्या ध्यानात आलं."

मी पट्टी सोडत होते. सोडत राहिले.

पुढच्या मंगळवारी थोरली नात मोठमोठ्यानं आजीला धडा वाचून दाखवत होती, म्हणजे ओरडतच होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी समजलं की धाकटीला आता आजीजवळ एकटं ठेवत नाहीत. पूर्वी सून शेतात गेली की धाकटी याडीपाशी असायची. "रडली तर त्यायला ऐकू येनार न्हाई," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. ती काळजीच करत होती. शेजारच्या बाया याडीसमोरच तिच्याबद्दल बोलायच्या, ती तिथं नसल्यासारखं. एकीनं तर हातवारे करून तिला जेवलीस का म्हणून विचारलं. याडीनं तोंड भिंतीकडं केलं.

नंतर नंतर ती उत्तरं देईनाशी झाली. आधी चिडायची, वाद घालायची. मग थांबली. थकलेलं माणूस जसं एखादी गोष्ट सोडून देतं, तसं तिनं आपल्या कानांबद्दल बोलणं सोडून दिलं.

एका मंगळवारी घरात कुणी नव्हतं. मी तिचा पाय गुडघ्यातून वाकवत होते. ती छताकडं बघत म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार की."

"तुझा तो भोंगा मोठा वाजते का बारीक?"

मी पाय हळूच खाली ठेवला. "बारीकच आहे."

"मला इथं जीप ऐकू येते. फाट्यावरची. वरच्या गावच्या सरपंचाची गाडी येगळी, दूधवाल्याची येगळी. सकाळी कोंबडं कोनाच्या घरचं आरडलं ते सांगते मी." ती थांबली. "पर समदे म्हनून राहिले तर खरंच असंल. मलाबी आता कधी कधी वाटते, आपल्याला ऐकू येते ते खरं का नुसतं आठवते."

तेव्हा सांगायचं होतं. घरात दोघीच होतो, ती सरळ विचारत होती. मी म्हणाले, "वारा उलटा असेल त्या दिवशी." आणि पिशवी उचलून निघाले. चढ उतरताना माझे गुडघे नव्हे तर सगळं अंग दुखत होतं. वारा कुठला होता त्या दिवशी? पानही हललं नव्हतं.

त्यानंतर मी दोन मंगळवार तांड्यावर गेलेच नाही. बैठक आहे, रिपोर्ट आहेत, असं काहीबाही स्वतःलाच सांगितलं.

तिसऱ्या मंगळवारी याडीचा लेकच उपकेंद्रावर आला. मला वाटलं पायाचं काही तरी बिघडलं. तो म्हणाला, "सिस्टर, हिंगोलीला कानाचा कॅम्प हाय म्हनं. मशीन देऊन राहिले. तुमची ओळख असंल. याडीचा फॉर्म तेवढा भरून द्या. मी सही आनतो." त्यानं खिशातून तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून माझ्या टेबलावर ठेवली. चार घड्या घातलेली. तिचा तो फोटो, ताठ मान, कॅमेऱ्याकडं रोखून बघणारी.

मी त्याला म्हणाले, "तू पुढं हो. मी तांड्यावरच येते."

त्या दिवशी मी चढ चालले तो मला पूर्ण आठवतो. काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं. पोचले तेव्हा याडीला दाराबाहेर बाजेवर बसवलं होतं. सून तुरी पाखडत होती. लेक उभाच होता. शेजारची एक म्हातारी होती, तिलाही मी जा म्हणाले नाही.

मी बाजेपुढं खाली बसले आणि म्हणाले, "फॉर्म भरायचा नाही. याडीचे कान धड आहेत. त्या दिवशी मी भोंगा वाजवलाच नव्हता. खोटं बोलले मी. रस्त्यात बोलले आणि जमादारापुढंही बोलले."

सुनेच्या हातातलं सूप थांबलं. लेकाला आधी कळलंच नाही. "म्हंजे?" तो म्हणाला.

"म्हणजे याडीला ऐकू जायला काही नव्हतंच. सायकलला आवाज नसतो. चूक माझी होती."

मला वाटलं तो ओरडेल, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "दोन महिने आमी हिला बहिरी म्हनून राहिलो सिस्टर." मग तो वळला आणि शेताकडं निघून गेला. चप्पलही घातली नाही त्यानं.

सुनेनं पदर तोंडाला लावला. ती याडीशी त्यांच्या भाषेत काही बोलली, मला कळलं नाही. याडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या नाही.

मग ती माझ्याकडं वळली. "मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "त्या दिशीच ठाऊक व्हतं. पर तू बोलशील असं वाटलं. वाट बघितली. तू त्या दिशी वाऱ्याचं बोलून गेलीस, तवा म्हनलं जाऊ दे, मीच खोटी असंन."

"माफ कर याडी."

"पाय मोडला ते चालते बाई," ती म्हणाली. "मान्साचा पाय मोडते. तू माझे कान काहून नेलेस?"

चहा कुणी विचारला नाही. उठले आणि चालत परत आले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. नवऱ्यानं सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेच जमादार होते. मी सगळं सांगितलं, जबाब दुरुस्त करायचा आहे म्हणाले. त्यांनी वही उघडलीही नाही.

"त्यायनं केस केली का?"

"नाही."

"करनार हायेत का?"

"माहीत नाही."

"मंग तुमी काहून उकरून राहिल्या म्याडम? समझोता झालेला हाय." त्यांनी मला पाणी दिलं. माझ्याकडं पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, जरा नरमाईनं म्हणाले, "टोपी घालत जा. त्या सायकलवाल्यायचं डोस्कं फुटलेलं मी चार जागी पाह्यलं. आन् घंटी लावा. लोकायला ऐकू येत न्हाई ते."

अर्ज मात्र मी लिहून आवक खिडकीवर दिला, पोच घेतली. पुढं त्याचं काय झालं मला कळलं नाही. विभागातून विचारणा येईल म्हणून नवरा कितीतरी दिवस टपालाची वाट बघत होते. आली नाही. वरिष्ठांना मी तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, बघू. त्यांच्यापुढं त्या आठवड्यात डेंग्यूचे रिपोर्ट होते.

याडीचा लेक पाच महिने माझ्याशी बोलला नाही. मी मंगळवारी जायचे, तो घरात असला तर बाहेर पडायचा. तांड्यातल्या काही बायांनी लेकरं माझ्याकडं आणायची बंद केली, दुसऱ्या उपकेंद्राच्या नर्सकडं न्यायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातातली सुई कुणी का घ्यावी. ऐन पावसाळ्यात धाकटी तापानं फणफणली तेव्हा तो मात्र माझ्या दारात आला. "सिस्टर, चला," एवढंच म्हणाला. मी गेले. ताप उतरला. नंतर तो बोलायला लागला, पण पहिल्यासारखं नाही. हिशोबानं बोलतो, दोन शब्द कमीच.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिन्यांत चालेल. याडी चालते. आधी वॉकर, आता काठी. पण पाय आखूड झाला तो झालाच, आणि डोक्यावर भारा घेणं संपलं. तिला ते फार लागतं. शेतात जाणं हेच तिचं जाणं होतं. आता ती दारात बसून वाती वळते, नातींना शाळेत सोडायला वळणापर्यंत जाते आणि रस्ता ओलांडायच्या आधी पूर्ण थांबते, पूर्ण मागं वळून बघते. आधी कधी असं बघावं लागत नव्हतं तिला.

मी पुन्हा सायकलवर बसले, नाही असं नाही. गुडघ्यांपुढं माझं काही चाललं नाही. दोन पावसाळी महिने चिखलातून चालल्यावर एका सकाळी मी उठूच शकले नाही. नवऱ्यानं न बोलता सायकल पुसून दाराशी लावली. मी हेल्मेट घातलं. जुन्या सायकलीची पितळी घंटी बसवून घेतली आणि माणूस दिसलं की लांबूनच वाजवते, उतारावर ब्रेक धरून उतरते. बाया अजून हसतात. कुत्रीही मागं लागतात. वेळ दुप्पट लागतो.

आता आमच्या भागात अशा सायकली, स्कुटरी खूप झाल्या आहेत. जीप परवडत नाही, पेट्रोल परवडत नाही, आणि ही घरच्या बोर्डावर चार्ज होते. गावातल्या बायांच्या दर बैठकीत मी उभी राहून सांगते की हिला आवाज नसतो, आपल्या रस्त्यावर माणसं कानानं चालतात, हळू जा, घंटी वाजवा, डोक्याला काही तरी घाला. बैठकीतल्या बाया मान हलवतात. बाहेर पडताना त्यांना न्यायला त्यांचे नवरे आलेले असतात, उघड्या डोक्यानं, मागं दोन लेकरं, पुढं एक. मीही पूर्वी लेकीला "घालते गं" म्हणायचेच. त्यामुळं फार जोर करून बोलताही येत नाही.

मागच्या महिन्यात सेनगावचे एक मास्तर अशाच सायकलीवरून पडून उपकेंद्रावर आले. हनुवटी फाटलेली. मी धुतलं, पट्टी केली. ते सांगत होते, म्हैस अचानक आडवी आली. मी म्हशीचं काही विचारलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि टाक्यांसाठी सेनगावला धाडलं.

मंगळवार मी सोडलेला नाही. याडीच्या पायाला आता माझी तशी गरज नाही. पण थंडीत खुबा दुखतो, पाय सुजतो, तेवढं बघते. कधी ती पुष्कळ बोलते, कुणाची तूर कशी आली, कुणाच्या घरात काय चाललंय. कधी नुसती बसते आणि मीही बसते. कधी चहा मिळतो, कधी नाही. परवाच्या मंगळवारी सून शेतात होती, चूल विझलेली होती. मी सूज दाबून पाहिली, कमी होती. गोळ्या दोन दिवस आणखी घे म्हणाले. ती "व्हय" म्हणाली. मग मी पुढच्या घरी गेले, तिथल्या सुनेला सातवा महिना आहे आणि तिचं रक्त कमी भरतंय.